मत घराचं की बाईचं?

डोलवीजवळच्या एका गावात आमच्या बचत गटातल्या दोन जावा राहतात. अंगण एक, चुली दोन. थोरलीचं घर पिढीजात शेकापचं. धाकटीचा नवरा गेल्या काही वर्षांत भाजपात गेला आणि त्याच्यामागोमाग, कुणी न विचारताच, धाकटीही गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे पहिल्या दोन महिन्यांचे तीन हजार रुपये दोघींच्या खात्यात एकाच दिवशी पडले. दोघी मिळून पेणला बँकेत गेल्या, एकाच रांगेत उभ्या राहिल्या आणि परतताना वडखळपर्यंत एकाच विक्रममध्ये शेजारी शेजारी बसल्या. मीही त्याच विक्रममध्ये होते.

थोरली म्हणाली, "ही उचल आहे. वीटभट्टीवाला पावसाळ्यात कातकऱ्याला देतो तशी. आता मत देऊन फेडायची."

धाकटी फणकारली. "भावानं ओवाळणी घातली तर तिला उचल म्हणतात का? तुमच्या पार्टीनं इतक्या वर्षांत एक रुपया तरी घातला का ताटात?"

दोघींच्या पिशव्यांत सारखेच पैसे होते. दोघींच्या घरी गॅस संपत आलेला होता, दोघींच्या पोरांच्या वह्या यायच्या होत्या. पण एकीला ती उचल दिसत होती आणि दुसरीला ओवाळणी. मैत्रिणींनो, मी त्या वेळी काही बोलले नाही, मनातल्या मनात मात्र थोरलीच्या बाजूने मान डोलावली. ती मान का डोलली, याचा हिशेब मला पुढे द्यावा लागला. तोच इथे मांडते आहे.

झालं असं. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारने गृहलक्ष्मी योजना सुरू केली. घरच्या कर्त्या बाईला दरमहा दोन हजार. तेव्हा आमच्या एका शिबिरात मी तिचं कौतुक केलं होतं. बाई घरात राबते त्या बिनमोल श्रमाची सरकारने दिलेली ही पावती आहे, अपुरी असली तरी पहिली आहे, असं मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. दहा महिन्यांनी, २८ जून २०२४ ला, अजित पवारांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना लाडकी बहीण जाहीर केली. वय एकवीसच्या पुढे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, महिना पंधराशे. पुढच्याच बैठकीत मी म्हणाले की बायकांची मतं विकत घ्यायचा हा डाव आहे. मागे बसलेली एक कॉलेजातली मुलगी उठली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "ताई, मागच्या वर्षी तुम्ही कर्नाटकाचं सांगितलं होतं, ते पण हेच ना?"

मी तिला वेळेचं कारण दिलं. ते खोटं नव्हतं. लोकसभेत महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळून महिनाही झाला नव्हता आणि विधानसभेची निवडणूक पाच महिन्यांवर होती. पण कर्नाटकातली हमीही निवडणुकीच्या प्रचारातच दिलेली होती, हे मी सोयीने विसरले होते. योजना तीच, माझ्या मनातला देणारा बदललेला. त्या मुलीला मी त्या दिवशी धड उत्तर दिलं नाही.

आपण एकट्याच नाही, एवढाच काय तो दिलासा. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी' वाटण्याच्या राजकारणावर जाहीर टीका केली. २०२३ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या मध्य प्रदेश सरकारने लाडली बहना आणली आणि कर्नाटकातला त्यांचा पक्ष तिथल्या हमी योजनांनी तिजोरी बुडते म्हणून ओरडत राहिला. आपल्याकडे तिजोरीची चिंता महाविकास आघाडीने वाहिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणूक तोंडावर येताच तिनेच दरमहा तीन हजारांची महालक्ष्मी योजना जाहीर केली. महायुतीने त्याच आठवड्यात पंधराशेचे एकवीसशे करण्याचं वचन दिलं. बंगालात तृणमूलने २०२१ पासून, तमिळनाडूत द्रमुकने सप्टेंबर २०२३ पासून असेच पैसे दिले. तमिळनाडूच्या योजनेच्या नावात 'महिला हक्क रक्कम' असे शब्द आहेत, हे मला फार आवडलं. आपण बहीण झालो, कर्नाटकात लक्ष्मी झाली, हक्कदार फक्त तिकडे. (आता द्रमुकवाल्यांचं नाव म्हणून आवडलं का, हेही मी स्वतःला विचारून घेतलं. नाही, शब्दच आवडला.)

अमेरिकेत जेफ्री कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या गोष्टीचा प्रयोगच केला. २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गरिबांना मदत देणाऱ्या योजनेचे दोन मसुदे त्याने विद्यार्थ्यांपुढे ठेवले, एक सढळ हाताचा, एक कंजूष. पक्षाचं नाव न सांगता दिले तेव्हा उदारमतवादी मुलांनी सढळ मसुदा पसंत केला, दुसऱ्या बाजूच्या मुलांनी कंजूष. मग 'हा तुमच्या पक्षाचा पाठिंबा असलेला' असं सांगून दिले, तेव्हा मसुद्यात काय लिहिलंय याला किंमतच उरली नाही. आपल्या पक्षाचा म्हटल्यावर उदारमतवाद्यांना कंजूष मसुदाही बरा वाटला आणि दुसऱ्यांना सढळही. आणि खरी मेख पुढे आहे. मुलांना विचारलं, तेव्हा ती म्हणाली की आम्ही मसुदा वाचूनच मत दिलं; पक्षाचं नाव बघून भुलतात ते इतर लोक.

इथपर्यंत ही सगळ्यांचीच गोष्ट झाली, बाप्यांची आणि बायांची. पण आमच्या रायगडात पक्ष म्हणजे नुसतं मत नसतं. तो घराला चिकटलेला असतो, आडनावासारखा. चरीच्या संपात आजोबा होते, म्हणून बाप लाल बावट्याचा, म्हणून मुलगा. सोयरिक जुळवताना 'घर कुणाचं?' या प्रश्नाचं उत्तर कुळाचंही असतं आणि पक्षाचंही. मुलाला कारखान्यात ठेक्यावर लावायचं, डंपर लावायचा, ग्रामपंचायतीचा दाखला लवकर काढायचा, तर कुणाच्या ओट्यावर जाऊन बसायचं हे त्यावरून ठरतं. त्यामुळे पक्षाविरुद्ध बोलणं म्हणजे घरच्या भाकरीविरुद्ध बोलणं होतं. हे मी हिणवून म्हणत नाही. खारेपाटात पिण्याच्या पाण्याच्या टँकरसाठी ज्यांनी वाट पाहिली आहे त्यांना ओळखीचा माणूस काय असतो ते सांगायला नको.

बाई या व्यवहारात लग्नाने येते. माहेर काँग्रेसचं, सासर शेकापचं. हळद उतरेपर्यंत तिचं चिन्ह बदललेलं असतं. आणि पुढे घरधन्याने किंवा घरधन्याच्या पुढाऱ्याने पक्ष बदलला की तिचं पुन्हा बदलतं. ते तर आमच्याकडे चालूच असतं. पेणच्या मतदारसंघात २०१९ मध्ये भाजपचे रवीशेठ पाटील आणि शेकापचे धैर्यशील पाटील एकमेकांविरुद्ध लढले. रवीशेठ त्याआधी काँग्रेसमध्ये होते. २०२३ मध्ये धैर्यशील पाटीलही भाजपमध्ये गेले आणि पुढच्या वर्षी राज्यसभेवर. रोह्याचं म्हणाल, तर सुनील तटकरे यांचा गट २ जुलै २०२३ च्या दुपारी सत्तेत गेला. सकाळपर्यंत ज्यांना महागाई असह्य वाटत होती त्यांतल्या काहींना संध्याकाळी ती जगभरच आहे असं वाटू लागलं. गॅसचा भाव त्या दिवशी तोच होता. नेत्यांना पक्ष बदलायचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरोघरच्या बायांनी आपल्या पाटीवर लिहिलेलं मत पुसून नवं लिहिलं, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

विक्रममधल्या त्या भांडणानंतर मी आमच्या गटाच्या बैठकीत एक करून पाहिलं. पंधरा-वीस बाया होत्या. सर्व्हे बिर्व्हे नाही, नुसत्या गप्पा. आधी विचारलं, योजना चांगली की वाईट? उत्तरं घरावर पडली. कोण काय बोलणार हे मला ती तोंड उघडायच्या आधी सांगता आलं असतं. महायुतीच्या घरची म्हणे चांगली, दुसऱ्या घरची म्हणे निवडणुकीपुरती. मग प्रश्न बदलला. पैसे कशाला गेले? कुणी काढून आणले? खर्च करताना कुणाला विचारावं लागलं?

एकदम आवाज बदलले. एकीने चष्मा केला होता. दोन वर्षं सुईत दोरा ओवायला पोरीला हाक मारत होती. एकीचे गटाचे थकलेले हप्ते फिटले. एकीने मिरगुंडासाठी पोहे आणि तेल घाऊक घेतलं आणि दुकानदाराच्या उधारीतून सुटली. एकीच्या सुनेच्या सोनोग्राफीला गेले. दोघींचे नवऱ्याने काढून नेले. त्यांतली एक महायुतीच्या घरची, एक विरोधातली. कशाला नेले हे त्या बोलल्या नाहीत आणि बैठकीतही कुणी विचारलं नाही. थोरली जाऊ, उचल म्हणणारी, हळूच म्हणाली, "मना पयल्यांदा कुणाकडं मागावं लागलं नाय." आणि ओवाळणी म्हणणारी धाकटी म्हणाली, "पंधराशेत होतं काय? कंपनीच्या गेटाबाहेर पोरगा दोन वर्षं फेऱ्या घालतोय. त्याला काम द्या, मना ओवाळणी नको."

आता पाहा. त्यांच्या घरच्या पक्षांनी नेमकं उलट बोलायला हवं होतं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना कुठल्याच बाईला आपलं घर आठवलं नाही, कारण चष्म्याला पक्ष नसतो. आपण कार्यकर्त्या मात्र सदैव पहिलाच प्रश्न विचारत फिरतो, आणि मग बायका पुढाऱ्यांचं ऐकतात म्हणून कपाळाला हात लावतो.

एसटीच्या अर्ध्या तिकिटाबद्दल या दोघी जावा कधी भांडलेल्या मी ऐकल्या नाहीत. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे. सरकार महायुतीचंच. पण त्यासाठी अर्ज नव्हता, पात्रता नव्हती, कुणाचा फोटो लावलेल्या मंडपात जाऊन फॉर्म भरावा लागला नाही. कंडक्टर बाई बघतो आणि तिकीट फाडतो. त्यामुळे दोघींचं मत एक : सवलत चांगली, गाडीच वेळेवर येत नाही. एखाद्या योजनेबद्दल इतकं सरळ बोलता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! चांगलं ते चांगलं, उणं ते उणं, दोन्ही एका दमात.

लाडक्या बहिणीबद्दल ते एका दमात बोलता येत नाही, आणि त्याची किंमत कुणी मोजली ते सांगते.

या दोघींची एक नणंद आहे. नवऱ्याने टाकलेली. सात-आठ वर्षं माहेरी. घटस्फोट नाही, पोटगी नाही, नवरा मुंबईकडे कुठेतरी दुसरा संसार करतो. अंगणवाडीताईने जुलै २०२४ मध्ये तिचाही अर्ज भरला होता. एका मंजूर अर्जामागे पन्नास रुपये मिळायचे म्हणून नव्हे, तर हिला सगळ्यांत जास्त गरज आहे म्हणून, ओट्यावर बसवून, मोबाइलची रेंज शोधत. तिला पैसे सुरूही झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीला भरभरून जागा मिळाल्या. मग पडताळणी सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकासमंत्री अदिती तटकरे यांनी, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या मंत्र्यांनी, जाहीर केलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचं दिसतं आणि जूनपासून त्यांचे पैसे थांबवले आहेत. त्यांत पुरुषही निघाले. सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्यांना ई-केवायसी सक्तीची झाली, आणि त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं. नवऱ्याच्या फोनवर येणारा आकडा टाकायचा.

वडील वारलेले. नवरा फोन उचलत नाही. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली आणि विधवा व घटस्फोटितांना मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा कागद देण्याची सोय झाली. पण टाकलेल्या बाईकडे कुठला कागद असतो? नवरा जिवंत आहे आणि नवरा नाही, असं कोर्ट कुठे लिहून देतं? आपण तीस-चाळीस वर्षं परित्यक्तांचे मेळावे घेतले, मोर्चे काढले, आणि बाईची ओळख पुन्हा नवऱ्याच्या फोनवर येऊन अडकली.

अशा वेळी घरातल्यांनी काय करावं? धाकटीच्या घरी म्हणाले, "येतील, साइट बिघडलीय, सरकारवर विश्वास ठेव." थोरलीच्या घरी म्हणाले, "आम्ही सांगितलंच होतं, मतं घेतली, आता कशाला देतात?" एका घराला योजनेत दोष आहे असं म्हणायचं नव्हतं. दुसऱ्या घराला दोष दुरुस्त व्हायला नको होता, कारण मग बोलायचं काय? दोन्ही घरांमधल्या अंगणात ती बसून राहिली. पंचायत समितीच्या कचेरीत तिच्यासाठी एक माणूस गेला नाही. आणि मैत्रिणींनो, आपली संघटना तरी गेली का? आम्ही तेव्हा योजनेचा निवडणुकीवर काय परिणाम झाला यावर परिसंवाद घेत होतो.

तिजोरीचा प्रश्नही असाच दोन घरांत वाटला गेला. २०२४-२५ साठी या योजनेला ४६ हजार कोटी धरले होते, २०२५-२६ साठी ३६ हजार कोटी. एकवीसशेचं वचन मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात उतरलं नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी योजनेकडे वळवला, आणि त्यावर जाहीर तक्रार केली ती सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी, म्हणजे सरकारातल्याच मंत्र्याने. आमच्या भागातल्या कातकरी वाड्यांवरच्या आश्रमशाळेतल्या मुलीचा पैसा तिच्या आईच्या खात्यात येणार असेल तर त्या आईला काय मिळालं? हा प्रश्न विरोधी पक्षाचा नाही, त्या आईचा आहे. पण आपल्याकडे तो विचारला की पहिला प्रतिप्रश्न येतो, "तुम्ही कुणाच्या?"

मी कुणाची हे सांगून टाकते. माझ्या मते पैसे बाईच्या हातात गेले हे चांगलं झालं, आणि ते सुरू राहायला हवेत, पण ओवाळणी म्हणून नाही. कायद्याने, बाईच्या एकटीच्या ओळखीवर, आणि दुसऱ्या बाईच्या ताटातून न काढता. ज्यांना मी मत दिलं नाही त्यांनी ते सुरू केले, हे मला मान्य करायला वर्ष लागलं. ज्यांना मी मत दिलं त्यांनी तीन हजार म्हटल्यावर पैसे कुठून आणणार हे मी विचारलं नव्हतं, हेही आता कबूल करते.

आपल्याला हे जमत नव्हतं असं नाही. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचा लाटणे मोर्चा निघाला तेव्हा समाजवादी मृणालताई गोरे आणि मार्क्सवादी अहिल्याताई रांगणेकर एका रांगेत होत्या. तेल आणि रॉकेल मिळत नाही, याला समाजवादी किंवा कम्युनिस्ट उत्तर त्यांच्याकडे वेगवेगळं असेल. डबा रिकामा आहे याबद्दल दुमत नव्हतं. आमच्या पेण तालुक्यात सप्टेंबर २००८ मध्ये सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर बावीस गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं. मतपत्रिकेवर कुठल्याच पक्षाचं चिन्ह नव्हतं. सातबाऱ्यावर बायकांची नावं किती, ते वेगळं रडगाणं आहे, त्यात आज शिरत नाही.

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही नणंदेचा अर्ज लिहायला बसलो. थोरलीच्या ओट्यावर, कारण तिथे उजेड होता. धाकटी शेंगा सोलत बसली होती, वालाच्या. मी म्हटलं, कागद नाही, तर साक्षी लिहू. ही इथे राहते, नवरा नांदवत नाही, हे गावाला माहीत आहे, गावातल्या बाया सह्या करतील. थोरलीने पहिली सही केली. धाकटी म्हणाली, "घरात विचारून करते." मग शेंगांचं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आण इकडं. काय विचारायचं? मी का बघत नाय तिला रोज?"

खाली अकरा सह्या झाल्या, तीन अंगठे. अर्ज कुणाच्या नावे करायचा यावर मात्र पुन्हा वाद झाला. धाकटीचं म्हणणं, मंत्रीताईंच्या नावे, आपल्याच जिल्ह्याच्या आहेत. थोरलीचं म्हणणं, तहसीलदाराच्या नावे, सरकार पक्षाचं नसतं. शेवटी दोन प्रती केल्या. दोन्हींवर पोच घेतली आहे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.